निकाली कुस्ती

कुस्तीच्या मैदानातला सर्वांत निराशाजनक शब्द कोणता, असे मला कोणी विचारले तर मी 'हार' हा शब्द सांगणार नाही. 'बरोबरी' हा सांगेन. हरलेल्या मल्लाबरोबर निदान त्याच्या गावचे लोक तरी रडतात. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीसाठी कोणी रडत नाही आणि कोणी फेटाही उडवीत नाही. माणसे अंगावरची धूळ झटकतात आणि मुकाट्याने घरची वाट धरतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी दहा वर्षांचा असेन. शेजारच्या गावच्या जत्रेत एक नंबरची कुस्ती ठरली होती. दोघा मल्लांपैकी एकाने आदल्या वर्षी दुसऱ्याला चितपट केले होते, आणि या खेपेस त्याची परतफेड होणार, असे पंधरा दिवस आधीपासून पारावर, गिरणीत आणि एस. टी. च्या थांब्यावर बोलले जात होते. वडिलांनी मला खांद्यावर घेऊन मैदान दाखविले. हलगी घुमू लागली, दोघांनी शड्डू ठोकले, आणि मग अर्धा-पाऊण तास नुसती खडाखडी चालली. हात झटकावेत, मानेला मान लावावी, पुन्हा सुटावे, लाल माती अंगाला चोळावी. दिवस मावळू लागला तशी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडविली. लोकांनी मातीची ढेकळे फेकली. परतीच्या वाटेवर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "दोघांनी आधीच ठरवलं होतं."

गंमत अशी की, हेच वडील घरी दूरदर्शन संचावर अमेरिकन व्यावसायिक कुस्ती लागली की मला तेथून उठवीत. "ही कुस्ती नव्हे, हे सोंग आहे. सगळं आधीच ठरलेलं असतं," असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न तेथेच संपत असे. माझ्या दृष्टीने तो तेथे सुरू झाला. जत्रेतले जे ठरलेले होते त्याने आमची घोर फसवणूक केली. पडद्यावरचे जे ठरलेले होते ते पाहून मात्र गल्लीतली दहा-बारा पोरे श्वास रोखून बसत. मग 'ठरलेले' असणे हाच दोष कसा म्हणावा? आज केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला येऊन मला बरीच वर्षे झाली. उत्तरेत संगनमताच्या कुस्तीला 'नूरा कुश्ती' म्हणतात, हा शब्द मी येथे आल्यावर शिकलो. पण प्रश्न तोच राहिला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी एका माणसाच्या चरित्रापाशी येऊन थांबलो. त्या माणसाचे नाव स्तानिस्लाव झबिस्को.

झबिस्को हा पोलंडचा. त्याचा जन्म 1879 च्या सुमारास गॅलिशियात, म्हणजे त्या काळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यात झाला. मूळ आडनाव सिगानिएविच. देह आडवा, मान जवळजवळ नाहीच, आणि ताकद अशी की त्याला उलथविणे म्हणजे पुरलेला जात्याचा दगड उलथविण्यासारखे. आम्हां भारतीयांना तो ठाऊक आहे तो गामाचा प्रतिस्पर्धी म्हणून. 1910 साली गामा लंडनला गेला तेव्हा त्याची उंची पाहून तेथील संयोजकांनी त्याला स्पर्धेत घेण्याचे नाकारले, म्हणून त्याने जाहीर आव्हान दिले. अमेरिकेच्या बेंजामिन रोलर या मल्लाला त्याने सहज लोळविले, आणि मग त्याची गाठ झबिस्कोशी पडली. 10 सप्टेंबर 1910 हा तो दिवस. व्हाइट सिटीचे क्रीडांगण, अडीचशे पौंडांचे बक्षीस आणि 'जॉन बुल' या साप्ताहिकाच्या नावाचा पट्टा.

या कुस्तीची कथा किती मोठी होती हे आज सांगावे लागू नये. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्याच्या राजधानीत एका परतंत्र देशाचा मल्ल युरोपच्या नामांकित मल्लासमोर उभा होता. आपल्याकडे वंगभंगाची चळवळ होऊन गेलेली, टिळक मंडालेच्या तुरुंगात. अशा वेळी लंडनमध्ये शड्डू ठोकला गेला की त्याचा आवाज अमृतसरपासून कोल्हापूरपर्यंत ऐकू जाणारच. परंतु प्रत्यक्षात झाले काय? पहिल्या मिनिटाच्या आसपास गामाने झबिस्कोला खाली आणले, आणि झबिस्को जो पोटावर पालथा पडला तो अडीच तासांहून अधिक वेळ तसाच पडून राहिला. गामाचे वजन दोनशे पौंडांच्या आसपास, झबिस्कोचे त्याहून पन्नासेक पौंडांनी अधिक. तो उठेना आणि गामाला तो उलटेना. शेवटी कुस्ती बरोबरीत सुटली. 17 सप्टेंबरला ती पुन्हा व्हावयाची होती. त्या दिवशी झबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला, पण पट्टा मिळणे आणि कुस्ती निकाली होणे यांत फरक आहे.

लक्षात घ्यावयाचे ते हे की, या कुस्तीत खोटे असे काहीही नव्हते. डाव खरे, घाम खरा, भीतीही खरी. तरीसुद्धा त्या दिवशी लंडनच्या प्रेक्षकांच्या पदरी जे पडले ते आमच्या जत्रेतल्या प्रेक्षकांच्या पदरी पडले त्याहून फारसे निराळे नव्हते. कुस्ती खरी असली म्हणजे ती आपल्या कथेला जागतेच असे नाही, हा इतिहासाचा पहिला धडा.

दुसरा धडा शिकागोचा. त्याच काळात पाश्चात्त्य जगाने डोक्यावर घेतलेले दोन मल्ल म्हणजे जॉर्ज हॅकेनश्मिट आणि फ्रँक गॉच. हॅकेनश्मिट एस्टोनियातल्या दोरपातचा. त्याला 'रशियन सिंह' म्हणत. गॉच अमेरिकेतल्या आयोवा प्रांताच्या शेतकरी कुळातला. 3 एप्रिल 1908 रोजी शिकागोत दोघे भिडले आणि सुमारे दोन तासांच्या झुंजीनंतर हॅकेनश्मिटने हार पत्करली. मागाहून त्याने तक्रार केली की, गॉचने अंगाला तेल लावले होते आणि नाही ते उपाय योजले होते. येथपर्यंत कथा उत्तम जमली होती. अपमान, तक्रार, सूडाची प्रतिज्ञा! 4 सप्टेंबर 1911 रोजी शिकागोच्याच कोमिस्की पार्कवर दुसरी कुस्ती ठरली, तेव्हा तीस हजारांच्या घरात लोक जमले. पण सरावात हॅकेनश्मिटचा गुडघा दुखावला होता. गॉचने त्याला लागोपाठ दोनदा पाडले. दोन्ही डाव मिळून वीस मिनिटेच काय ती गेली. तीन वर्षे जपलेली कथा अशी लंगडत संपली. प्रेक्षकांच्या मनात संशयाचे बीज पडले. त्यातून अमेरिकेत कुस्तीच्या धंद्याला उतरती कळा लागली, असे मानणारे इतिहासकार पुष्कळ आहेत.

आता धंदेवाईक मंडळींनी यातून काय बोध घेतला, हे पाहणे मनोरंजक आहे. खरी कुस्ती लांबते, कंटाळवाणी होते, ऐन वेळी कोणाचा तरी गुडघा दुखावतो आणि तिकिटाचे पैसे फुकट जातात. मग कुस्ती खरी ठेवण्याचा आग्रह कशाला? 1920 नंतरच्या दशकात एड 'स्ट्रँगलर' लुईस हा मल्ल, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि 'टूट्स' माँट या तिघांनी कुस्तीला नाटक कंपनीचे रूप दिले. मल्ल पगारी, दौरे आखलेले, वेळेची मर्यादा, डोळ्यांना भरतील अशा उचलाउचली, आणि शेवट आधीच ठरलेला. यापूर्वी ठरवून कुस्त्या होत नव्हत्या असे नव्हे. जत्रांच्या तंबूंतून त्या पूर्वीपासून होत आल्या होत्या. पण आज कोण जिंकले यापेक्षा पुढच्या महिन्यात लोक पुन्हा कशासाठी येतील, याचा विचार करून निकाल ठरविण्याची पद्धत या त्रिकुटाने पक्की केली.

आणि येथे आपला झबिस्को पुन्हा रंगभूमीवर येतो. या त्रिकुटाने वेन मन नावाच्या एका धिप्पाड फुटबॉलपटूला विजेता करावयाचे ठरविले. कुस्तीचे ज्ञान बेताचे, पण रूप भव्य. 8 जानेवारी 1925 रोजी कॅन्सस सिटीत खुद्द लुईस त्याच्याकडून ठरल्याप्रमाणे हरला. या नव्या विजेत्याचे नाव आणखी वाढावे म्हणून 15 एप्रिल 1925 रोजी फिलाडेल्फियात झबिस्कोने त्याच्याकडून हरावयाचे होते. पण झबिस्कोने प्रतिस्पर्धी गोटाशी संधान बांधले होते. घंटा वाजली आणि ठरलेले सारे बाजूला ठेवून या पंचेचाळिशीच्या मल्लाने मनला खरोखरीच पुनःपुन्हा पाडले. पंचाला निकाल देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पुढच्याच महिन्यात झबिस्कोने तो मान जो स्टेकर या त्या प्रतिस्पर्धी गोटाच्या मल्लाला हरून देऊन टाकला.

या प्रसंगाचा न्याय कसा करावा? सकृद्दर्शनी येथे खऱ्याने खोट्याला पाडले. आपण टाळ्या वाजवाव्यात. पण थोडा विचार केला की टाळीसाठी उचललेला हात थबकतो. झबिस्कोने खोटेपणाविरुद्ध बंड केले नव्हते. त्याने एका सौद्यातून दुसऱ्या सौद्यात उडी मारली होती. शिवाय मन आपले अंग विश्वासाने त्याच्या हाती देऊन उभा होता. ठरलेल्या कुस्तीत मल्ल आपली मान, आपला कणा दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. त्याला खाली आपटणारा हातच त्याला सांभाळणारही असतो. तो हात फिरला तर कसब कितीही खरे असले तरी कृत्य विश्वासघाताचेच.

झबिस्कोच्या आयुष्यातला तिसरा अंक आपल्या देशात झाला. पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंह यांनी जानेवारी 1928 मध्ये गामा आणि झबिस्को यांची जोड पुन्हा लावली. लंडनला अठरा वर्षे होत आली होती. दोघेही पन्नाशीच्या आसपास पोहोचलेले. हजारोंचा समुदाय जमला होता, आणि सर्वांच्या मनात एकच प्रश्न होता: हा पुन्हा पालथा पडून राहणार काय? दोघे समोरासमोर आले, गामाने झडप घातली, आणि एक मिनिट पुरे होण्याच्या आत झबिस्कोची पाठ मातीला लागली.

एका मिनिटाच्या आत! त्या दिवशी लांबून आलेल्या कोणी असे म्हटल्याचे ऐकिवात नाही की, आमचे पैसे वसूल झाले नाहीत. कोमिस्की पार्कची वीस मिनिटे तोकडी वाटली, लंडनचे अडीच तास व्यर्थ वाटले, आणि पतियाळाचे हे अर्धे-पाऊण मिनिट मात्र पुरून उरले. कारण उघड आहे. 1910 च्या कथेने एक प्रश्न मांडून ठेवला होता आणि 1928 च्या कुस्तीने त्याच प्रश्नाचे उत्तर दिले. दुसऱ्या कोणत्याही मल्लाला गामाने एका मिनिटात पाडले असते तर ती केवळ एक जलद कुस्ती ठरली असती. ती निकाली ठरली ती झबिस्को होता म्हणून, आणि मधली अठरा वर्षे होती म्हणून.

हे एकदा ध्यानात आले की आमच्या लहानपणी वडिलांनी बंद केलेला तो दूरदर्शन संच पुन्हा लावण्यास हरकत नाही. मध्यंतरी आपल्याकडे किंगकाँग आणि दारासिंग यांच्या 'फ्री स्टाइल' कुस्त्यांनी मुंबईपासून गावोगाव धमाल उडविली, तो इतिहास ज्येष्ठ वाचकांच्या आठवणीत आहे. अमेरिकेत या प्रकाराचा कळस झाला तो 29 मार्च 1987 रोजी, डेट्रॉइटजवळच्या पाँटियाक येथे. आंद्रे हा फ्रेंच मल्ल, शरीराची वाढ न थांबविणाऱ्या विकाराने राक्षसासारखा वाढलेला, आणि हल्क होगन हा लोकांचा लाडका विजेता, यांची ती झुंज. प्रेक्षकसंख्या 93,173 म्हणून जाहीर झाली. ती फुगविलेली होती, असे जाणकार सांगतात. कथाही अशीच फुगविलेली होती. आंद्रे पंधरा वर्षे अजिंक्य आहे आणि त्याला कोणी उचलून आपटलेले नाही, असे सांगितले जाई. वस्तुतः होगननेच त्याला 1980 साली उचलून आपटले होते. परंतु कथेचा गाभा साधा होता: दोन मित्र, मोठ्याच्या मनात मत्सर, आणि मैत्रीचा शेवट.

कुस्तीच्या आरंभीच होगन आंद्रेला उचलू पाहतो आणि त्या भाराखाली स्वतःच कोसळतो. तेथे प्रश्न मांडला गेला. त्यानंतरची दहा-बारा मिनिटे कुस्तीशास्त्राच्या दृष्टीने सामान्य आहेत. आंद्रेच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली होती आणि त्याला धड हालचालही करवत नव्हती. शेवटी होगन त्याला उचलतो, आपटतो, आणि प्रश्न सुटतो. एवढा देह त्याच्या स्वतःच्या मर्जीवाचून उचलला जाणे अशक्य होते. वेदनेने ग्रासलेल्या त्या माणसाने आपला भार धाकट्याच्या हाती दिला आणि आपली कीर्ती त्याच्या स्वाधीन केली. जानेवारी 1993 मध्ये पॅरिस येथे, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, आंद्रे वारला. झबिस्कोने 1925 साली जे केले त्याच्या अगदी उलट हे कृत्य होते.

त्याच दिवशी, त्याच ठिकाणी आणखी एक कुस्ती झाली आणि जाणकार तिलाच श्रेष्ठ मानतात. रँडी सॅव्हेजने काही महिन्यांपूर्वी रिकी स्टीमबोटच्या गळ्यावर मैदानातल्या घंटेने घाव घातला होता. त्याचा कंठ निकामी झाला, अशी कथा रचली गेली. सॅव्हेज हा कमालीचा काटेकोर गृहस्थ. त्याने स्टीमबोटच्या साहाय्याने कुस्तीतला प्रत्येक डाव आधी लिहून काढला आणि दोघांनी तो पाठ केला. पंधरा मिनिटांपेक्षाही कमी वेळात एकामागून एक डाव असे पडत गेले की, ऐकून ठाऊक असलेली चीज गवयाने पुन्हा नव्याने उलगडावी. आणि शेवटी सॅव्हेज पुन्हा तीच घंटा उचलतो, त्या घंटेच्याच झटापटीत त्याचा घात होतो आणि तो चीत होतो. पहिल्या अंकात आणलेली वस्तू शेवटच्या अंकात उपयोगी पडावी, हा नाटककाराचा नियम या दोन मल्लांना कोणी शिकविला नव्हता. तो त्यांनी प्रेक्षकांकडून शिकला होता.

परंतु मला या साऱ्यांत अधिक अस्वस्थ करते ती 23 मार्च 1997 ची, शिकागोजवळच्या रोझमाँट येथील कुस्ती. ब्रेट हार्ट हा कॅनडातल्या कॅलगरीच्या मल्लघराण्यातला. वडील स्टू हार्ट यांनी घराच्या तळघरातच तालीम उघडलेली. हा नीतिमान नायक. समोर स्टीव्ह ऑस्टिन, शिवराळ, उर्मट, कोणताही नियम न पाळणारा. गेले काही महिने हार्ट अन्यायाच्या तक्रारी करीत होता. तक्रारी खऱ्याही होत्या. पण लोकांना कुरकुरणारा नीतिमान माणूस आवडेनासा होतो आणि हसत हसत नियम मोडणारा आवडू लागतो. हे सत्य सरकारी कचेरीत बसणाऱ्यांना मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कुस्तीची अट एकच होती: एकाने हार कबूल केली पाहिजे. ऑस्टिन रक्तबंबाळ झाला. हार्टने त्याला पालथे पाडून त्याचे पाय आवळले आणि मागे रेटले. ऑस्टिनचा चेहरा रक्ताने माखला, पण त्याने हार म्हटली नाही. तो वेदनेने शुद्ध हरपून पडला. पंचाने हार्टला विजयी केले. हार्टने मात्र शुद्ध हरपलेल्या माणसाला मारणे थांबविले नाही, तेव्हा पंचालाच त्याला ओढून बाजूला करावे लागले.

कुस्ती सुरू झाली तेव्हा हार्ट नायक होता. संपली तेव्हा तो खलनायक झाला होता, आणि ऑस्टिन लोकांचा झाला होता. जिंकणारा हरला आणि हरणारा जिंकला. प्रेक्षकांना आपले मन बदलण्यास कोणी सांगितले नाही. ते त्यांच्या देखत, त्यांच्याच आत बदलले. निकाल ठरलेला होता, पण त्या निकालाचा अर्थ त्या सभागृहात जन्माला आला.

आणि त्याच वर्षी, 9 नोव्हेंबर 1997 रोजी, माँट्रियल येथे त्याच हार्टच्या बाबतीत 1925 ची पुनरावृत्ती झाली. तो ती कंपनी सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार होता. स्वदेशात शॉन मायकल्सकडून हरावयाचे नाही, असे त्याने सांगितले होते आणि त्याप्रमाणे वेगळा शेवट ठरलाही होता. परंतु मायकल्सने हार्टचाच पेच हार्टवर टाकताच कंपनीचे मालक व्हिन्स मॅकमहन यांनी मैदानाशी उभे राहून घंटा वाजविण्याची आज्ञा केली. हार्टने हार कबूल केलेली नव्हती. क्षणभर तो दिङ्मूढ होऊन उभा राहिला, आणि मग मालकाच्या तोंडावर थुंकला. त्याला आणि मायकल्सला सर्वांसमक्ष हात मिळविण्यास 2010 साल उजाडावे लागले. या प्रसंगी फसविला गेला तो प्रेक्षक नव्हे, फसविला गेला तो नट. आणि म्हणूनच ती कुस्ती लक्षात राहिली तरी तिच्याविषयी कोणाला समाधान वाटले नाही.

एक आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो योग्यच आहे. जे खरे नाही त्याला खरे म्हणून विकणे ही लबाडी नव्हे काय? होय, ती लबाडी होती. पिढ्यान् पिढ्या या धंद्याने आपले गुपित शपथेवर सांभाळले आणि भोळ्या माणसांना फसविले. फेब्रुवारी 1989 मध्ये मॅकमहन यांच्या कंपनीने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे ही स्पर्धा नसून करमणूक आहे, असे कबूल केले. तेही सत्यप्रेमाने नव्हे, क्रीडा नियामकांच्या देखरेखीतून आणि करातून सुटका व्हावी म्हणून. पण कबुलीनंतर काय झाले हे पाहण्यासारखे आहे. लोक आले, पूर्वीपेक्षाही अधिक आले. 1997 ची रोझमाँटची कुस्ती ही या कबुलीनंतरची आहे. म्हणजे प्रेक्षक फसले म्हणून येत होते ही समजूत निराधार ठरली.

आपल्याला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. भीम आणि जरासंध यांची कुस्ती कोण जिंकणार हे ठाऊक नसलेला श्रोता आजवर कोणत्याही कीर्तनाला बसला नसेल. तरीसुद्धा कृष्णाने काडी चिरून तिचे दोन भाग उलट दिशांना टाकल्याचा प्रसंग येतो तेव्हा मांडी घालून बसलेला म्हातारा पुढे सरकतोच. 1907 साली खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले तेव्हा कीचक मरणार हे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सर्वांना ठाऊक होते; तरी सरकारला त्या नाटकाचे भय वाटले आणि 1910 मध्ये त्यावर बंदी आली. शेवट ठाऊक असलेली कथा माणसाला हलवू शकत नसती तर एका साम्राज्याने तिची धास्ती कशाला घेतली असती? फ्रान्समधील विचारवंत रोलाँ बार्थ याने 1957 साली आपल्या एका ग्रंथाचा आरंभच कुस्तीवरील निबंधाने केला. कुस्तीचा प्रेक्षक निकालाची पैज लावण्यासाठी येत नाही, तर दुःख, पराजय आणि न्याय यांची स्पष्ट रूपे पाहण्यासाठी येतो, असा त्याचा आशय आहे. पॅरिसच्या मळकट सभागृहांवरून त्याने काढलेला हा निष्कर्ष आमच्या जत्रेलाही लागू पडतो.

तेव्हा कुस्ती आपल्या कथेला केव्हा जागते? मला तीन गोष्टी दिसतात. कथेने मांडलेल्या प्रश्नाचेच उत्तर तिने दिले पाहिजे; पतियाळाने ते दिले, लंडनने दिले नाही. मल्लांनी एकमेकांचा विश्वास राखला पाहिजे. आंद्रेने तो राखला, फिलाडेल्फियात आणि माँट्रियलला तो मोडला गेला. आणि बाहेर पडताना प्रेक्षकाच्या मनात आत येतानापेक्षा काहीतरी निराळे असले पाहिजे. रोझमाँटला ते होते. निकाल आधी ठरला होता की नव्हता, हा प्रश्न या तिन्हींनंतरचा. आमच्या जत्रेतल्या त्या दोघांनी निकाल ठरविला म्हणून ते दोषी नव्हते. निकाल न देण्याचे ठरविले, म्हणून दोषी होते.

झबिस्कोची कहाणी पुरी करावयाची राहिली. 1950 साली ज्यूल्स दासँ या दिग्दर्शकाचा 'नाइट अँड द सिटी' हा लंडनमध्ये घडणारा चित्रपट आला. त्यात ग्रेगोरियस नावाचा एक वृद्ध मल्ल आहे. त्याचा मुलगाच दिखाऊ कुस्त्यांचा व्यापार करतो, आणि या सोंगाचा म्हाताऱ्याला मनस्वी तिटकारा आहे. एके दिवशी तालमीत त्याची अशाच एका सोंगाड्या मल्लाशी गाठ पडते, शब्दावरून शब्द वाढतो, आणि दोघे खरोखर भिडतात. दीर्घ, दमछाक करणाऱ्या झुंजीनंतर म्हातारा जिंकतो, आणि थोड्याच वेळात मुलाच्या हातांत प्राण सोडतो. ग्रेगोरियसची भूमिका सत्तरीच्या झबिस्कोने केली होती. त्याच्याशी झुंजणारा माइक मझुर्की हाही मूळचा मल्लच. ती झुंज अर्थातच लिहिलेली होती, छायाचित्रकाराच्या सोयीने तुकड्यातुकड्यांनी घेतलेली होती. पण 1910 साली ज्या लंडनमध्ये झबिस्को अडीच तास पालथा पडून राहिला, त्याच लंडनच्या कथेत चाळीस वर्षांनी तो उभा राहून लढला. 1967 साली अमेरिकेतल्या मिसूरी प्रांतात तो वारला.

गेल्या दिवाळीत रजेवर घरी गेलो तेव्हा हा प्रसंग मी वडिलांना भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दाखविला. आता त्यांना कमी दिसते. त्यांनी तो हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. झुंज पाच-सहा मिनिटे चालली असेल. ते एक शब्दही बोलले नाहीत. संपल्यावर मी मुद्दामच म्हणालो, "नाना, हे सगळं आधी ठरलेलं होतं बरं का."

नानांनी भ्रमणध्वनी माझ्या हातात परत दिला आणि चष्मा पुसू लागले. "असेल," ते म्हणाले. "पण त्या म्हाताऱ्यानं कुस्ती सोडवली नाही."